बेड म्हणजे नको

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

कोल्हापूर, सोमवार, १४ जुलै २००३

शशिधर भाऊजी,

धाकट्या दिराला पत्र लिहिताना आधी आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे. या खेपेला हात वळत नाही. वर देवाचं नाव घातलंय, त्याच्याखाली खोटं कशाला लिहू?

फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही ‘वहिनी, मीटिंगमध्ये आहे’ म्हणून ठेवून देता आणि पैसे माझे पडतात. पत्र तसं ठेवता येत नाही.

मी दोन दिवस पेठ वडगावला माहेरी गेले होते, भाचीच्या मुलाचं बारसं होतं. निघताना तुम्ही काय म्हणालात? ‘जावा की वहिनी निवांत. अव्वाकडं मी बघतो. वर्षातनं एकदा येतोय, तेवढं तरी करू दे.’ मला बरं वाटलं हो. तुम्हाला आवडते म्हणून खपली गव्हाची खीर, आपली हुग्गी, करून ठेवून गेले. तुम्ही बघितलंत, फार छान बघितलंत. परत आले तर दाराला कुलूप. कुलूप काढायच्या आधीच शेजारच्या बायडाबाई म्हणाल्या, “महानंदाताई, म्हातारीला दवाखान्यात ठिवली न्हवं? धाकट्यानं काल रिक्षातनं नेली. मला वाटलं तुमास्नी म्हाईत आसंल.”

मला माहीत नव्हतं. अव्वांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून दीड वर्षं तुमच्या आईचं सगळं मी करते, आणि मला शेजारणीकडून कळलं.

सरकारी दवाखान्यात गेले. बायकांच्या वॉर्डात शेवटच्या खाटेवर अव्वा भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. गळ्यात इष्टलिंग नव्हतं.

भाऊजी, तुमचं लिंग तुम्ही पुण्याला गेल्यावर कपाटात ठेवलंत. तो तुमचा आणि देवाचा प्रश्न. पण अव्वांच्या अंगावरून लिंग कधी उतरलेलं नव्हतं. झटका आला त्या दिवशीही नाही. उजवा हात गेला, तरी रोज आंघोळ झाली की डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसतात. पूजेला डावाच तळहात लागतो, तेवढी देवानं सोय ठेवली. विभूती लावायला आणि बेल वाहायला उजवा हात लागतो, तो माझा. पान उलटं पडलं तर मनगटावर चापट मारतात. अशा बाईला म्हणे काही समजत नाही!

सिस्टरला विचारलं, लिंग कुठाय? ती म्हणाली, “दागिने काढून ठेवायचा नियम आहे. चोरीला गेलं तर आमच्यावर येतं.” पाकिटात घातलं होतं आणि वर बॉलपेननं लिहिलं होतं, चांदीची डबी, एक.

मी विचारलं, ताप नाही, जखम नाही, मग ठेवलंय कशाला? तर म्हणाली, “आजींनीच मागितला की बेड. डॉक्टरांसमोर दोनदा म्हणाल्या, बेड, बेड. मुलगा होता सोबत, कागद करून घेऊन गेला, त्याला विचारा.” तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. भांडून सही केली, लिंग गळ्यात घातलं आणि अव्वांना घरी घेऊन आले. तोवर तुम्ही पुण्याला पोचला होतात.

आमचे हे म्हणतात, ‘मी दुकानात होतो, शशीनं काय केलं मला माहीत नाही.’ हे खोटं बोलत नाहीत. तेव्हा जाब तुम्हालाच विचारते. दवाखान्यातून कसला कागद करून नेलात? आणि माझ्या पाठीमागं का?

— महानंदा


श्रावण सोमवार, ११ ऑगस्ट २००३

शशिधर भाऊजी,

तुमचं पत्र आणि कागदाची झेरॉक्स मिळाली. जाऊबाई सुष्मितानं पाठवलेली साडीही मिळाली. परत पाठवली असती, पण टपालखर्च कुणी करायचा? ट्रंकेत ठेवलीय.

तळेगावचा वृद्धाश्रम कसा चांगला आहे ते तुम्ही दोन पानं भरून लिहिलंय. नर्स आहे, बाग आहे, संध्याकाळी भजन आहे. भजन कोणत्या भाषेत आहे ते नाही लिहिलंत. दसऱ्यापासून अव्वांची जागा ठरवून टाकलीय. आश्रमाचा नियमही लिहिलात. म्हातारं माणूस स्वतःच्या तोंडानं हो म्हणालं पाहिजे. ते जमत नसेल तर सरकारी डॉक्टरनं लिहून द्यायचं की याला समज उरलेली नाही, मग मुलानं सही करायची.

नियम वाईट नाही. कुणीतरी विचार करून केला असणार. पण तुमच्या कागदावर तर दोन्ही लिहून घेतलंय! पहिल्या ओळीत, ‘रुग्ण असंबद्ध बोलते, आकलन नाही.’ खालच्या ओळीत, ‘रुग्ण स्वेच्छेने बेडची मागणी करते.’ भाऊजी, मी जुनी अकरावी. तुम्ही इंजिनिअर. मला समजावून सांगा, जिला आकलन नाही तिची स्वेच्छा कुठून आली? आणि स्वेच्छा असेल तर आकलन नाही कसं? दुकानातल्या पोऱ्यानं एकाच मालाचे असे दोन भाव लिहिले तर हे त्याला घरी घालवतील. डॉक्टरनं लिहिले तर त्यावर शिक्का बसतो.

आता त्या बेडचं सांगते. परवा जेवताना अव्वांना दुसरी भाकरी वाढायला गेले. त्यांनी ताटावर हात धरला आणि म्हणाल्या, ‘नंग बेड.’

भाकरी माझ्या हातातच राहिली.

नंग बेड. मला नको. रोज ऐकते मी हा शब्द. मी वडगावची, लग्न होऊन आले तेव्हा कन्नडचा गंध नव्हता. मराठीत विचारलं तर अव्वा मुद्दाम उत्तर द्यायच्या नाहीत, तशीच शिकले. सगळ्यात आधी शिकले तो शब्द हाच, कारण माझ्या हातचं पहिलं वर्षभर त्यांना काहीच नको असायचं. आणि आता तर झटक्यानं त्यांची मराठी पुसूनच गेली. समोरच्याचं थोडंफार कळतं, पण तोंडाला येते ती कन्नड. लक्ष्मीपुरीच्या बाजारात मराठीतून घासाघीस करून माणसाला घाम फोडणारी बाई! मराठी सासरची होती, ती गेली. माहेरची तेवढी राहिली.

डॉक्टर परभणीकडचे, नवीन बदलून आलेले. त्यांनी विचारलं असणार, आजी, आश्रमात राहायला जाणार का? अव्वा म्हणाल्या, नको, नको. त्यांनी लिहिलं, बेड मागते. त्या आधी विचारलं म्हणे, मुख्यमंत्री कोण? अव्वांनी सांगितलं, ‘यारादरेनु?’ म्हणजे कुणी का असेना. याहून संबद्ध उत्तर या राज्यात कुणी दिलं असेल तर मला दाखवा. तेही असंबद्धात गेलं.

परभणीच्या माणसाला नाही समजलं, मान्य. पण तुम्ही तिथं उभे होतात. लहानपणी एरंडेल पाजायला धरलं की ‘बेड, बेड’ करून सगळी गल्ली गोळा करणारे तुम्ही! आई नको म्हणतेय हे तुम्हाला कळलं होतं. डॉक्टर उलटं लिहितोय हेही दिसत होतं. आणि तुम्ही गप्प राहिलात.

मी सरकारी दवाखान्यात वैद्यकीय मंडळाकडं फेरतपासणीचा अर्ज द्यायला गेले होते. तिथला कारकून म्हणाला, “मावशी, मंडळ बुधवारी बसतंय, आन् फुडचं सगळं बुधवार भरल्यात. आन् एकदा लिवलं ते लिवलं.” मी म्हटलं, कन्नड बोलणाऱ्या बाईला मराठीत प्रश्न घातलेत, एवढं तरी अर्जावर लिहून घ्या. त्यानं नमुना माझ्याकडं फिरवला. “कुठं लिवू सांगा. ह्ये बघा रकानं. नाव, वय, लिंग, पत्ता. भाषा न्हाय.”

मी म्हटलं, “लिंग तर तुम्ही पाकिटात घातलंत.”

त्याला काही कळलं नाही. रांगेतला एक म्हातारा मात्र खो खो हसला. आपल्यातलाच, लिंगायत असावा.

गडहिंग्लज घ्या, कागल घ्या, शिरोळ घ्या, निम्म्या घरांत दोन भाषा चालतात. रेशनच्या नमुन्यात गॅसचं सिलिंडर एक की दोन तेसुद्धा विचारतात. माणसाला समज आहे की नाही हे ठरवायच्या नमुन्यात, कोणत्या भाषेत विचारलं याला जागा नाही. मी नमुन्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला सगळं लिहून दिलं. ‘मागं लिवल्यालं कोण वाचत न्हाय’, म्हणाला. म्हटलं, मी वाचून दाखवायला येईन.

कागदाच्या खाली साक्षीदाराची एक सही आहे. झेरॉक्स पुसट आलीय, मला वाचता आली नाही.

(जागा संपली म्हणून कडेला लिहिते. संकेश्वरच्या गंगव्वा मावशी श्रावणाचे चार दिवस येऊन गेल्या. त्या ठार बहिऱ्या झाल्यात. दोघी बहिणी ओरडून ओरडून बोलत होत्या, हसत होत्या. मी चहा घेऊन गेले की गप्प बसायच्या.)

— महानंदा


१२ सप्टेंबर २००३

शशिधर भाऊजी,

ती सही कुणाची ते तुम्ही फोनवर सांगितलंत आणि मी फोन आपटला. सांगायची गरज नव्हती. झेरॉक्स पुसट नव्हती. ह्यांचा सोमलिंगातला ‘स’ मी लग्न ठरल्यापासून ओळखते.

हे दुकानात नव्हते. तुमच्याबरोबर दवाखान्यात होते. दोघे भाऊ अव्वांच्या दोन बाजूंना उभे, दोघांनाही बेड म्हणजे काय ते माहीत, आणि दोघंही मुके.

गणपती उठेपर्यंत मी घरात काही बोलले नाही. मग एकदा पान वाढून ह्यांना विचारलं, सही का केलीत? म्हणाले, “तुझी पाठ बघवत नव्हती.” माझी पाठ म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल. अव्वांना उठवून बसवायचं, न्हाणीत न्यायचं, परत निजवायचं. डॉक्टरनं मला पट्टा दिलाय, तो लावला की स्वयंपाक होत नाही, म्हणून खुंटीला असतो. मी म्हटलं, पाठीची एवढी कणव आली तर एक दिवस तुम्ही उचलायचं होतंत. आईला उचलायला लाज वाटते, परक्याच्या दारात नेऊन ठेवायला वाटत नाही?

हे ताटावरून उठले. त्या दिवसापासून दुकानातच जेवतात. डबा मीच देते.

तुमच्या कागदावर आणखी एक रकाना मी नंतर बघितला. ‘काळजी घेणारी व्यक्ती’ आणि पुढं ‘सून’. हे कुणी भरलं? मला कुणी विचारलं होतं? दोघा भावांनी मिळून घरातल्या दोन बायकांचं ठरवून टाकलंत, आणि दोघींतल्या एकीलाही विचारलं नाहीत. तुमच्या आश्रमात काय, सरकारात काय, म्हातारपण कुणी सांभाळायचं याचं उत्तर आधीच छापून ठेवलंय. सून. सही तेवढी मुलानं करायची.

तुम्ही फोनवर म्हणालात, ‘वहिनी, मला कन्नड येतच नाही आता. वीस वर्षं झाली. अव्वा काय म्हणाली ते मला कळलं नाही.’ तुमच्या मुलांना येत नाही, खरं आहे. तुम्ही शिकवलं नाहीत. पण तुम्हाला येत नाही? बरं. हेच मंडळासमोर येऊन सांगा.

अर्ज मंजूर झालाय. मी दर बुधवारी त्या कारकुनासमोरच्या बाकावर जाऊन बसत होते, जपमाळ घेऊन. शेवटी तोच वैतागून म्हणाला, “मावशी, तुमी हितं जप करू नगा, लोकांस्नी वाटतंय कोण तर वारलंय,” आणि अर्ज आत घेऊन गेला. बुधवार, १ ऑक्टोबर, सकाळी अकरा. ज्या मुलानं कागद करून घेतला त्यानं हजर राहायचं आहे. नातेवाइकाला दुभाषी म्हणून बोलता येणार नाही, म्हणजे मी गप्प बसायचं. मला विचारलं जाणार नाही याची मला सवय आहे. अव्वांना विचारलं जाईल, एवढं पुरे.

त्या नको म्हणाल्या की आम्ही घरी येऊ. पाठ माझी आहे, तिचं मी बघेन.

— महानंदा


३ ऑक्टोबर २००३

शशिधर भाऊजी,

तुम्ही मध्येच उठून गेलात. आईचं पुढं काय झालं ते विचारायला फोनही केला नाहीत. सांगणं माझं काम आहे, म्हणून लिहिते.

अकरापासून तीनपर्यंत व्हरांड्यात बसवलं ते तुम्ही बघितलंत. उशीर कशानं झाला ते तुम्हाला कुणी सांगितलं का? त्या दिवशी ज्येष्ठ नागरिक दिन होता. मोठे साहेब त्याच्या कार्यक्रमाला गेले होते, म्हाताऱ्यांच्या आरोग्यावर भाषण करायला. इथं व्हरांड्यात सहा-सात म्हातारी माणसं उपाशी, पिंपात पाणी नाही, आणि साहेब आले ते हातात गुलाब घेऊन. मी काही बोलणार होते. अव्वांचा अर्ज त्यांच्याच हातात होता म्हणून जीभ चावली.

तुम्हाला पहिल्यांदा विचारलं, आई बेड म्हणाल्या तेव्हा तुम्ही हजर होता? हो म्हणालात. कन्नड येतं? तुम्ही सरळ साहेबांच्या डोळ्यांत बघून म्हणालात, “नाही सर. आमचं सगळं मराठीच.”

अव्वा चाकाच्या खुर्चीत होत्या. तोवर त्यांनी तुमच्याकडं बघितलंही नव्हतं. तुमचा आवाज ऐकून मान वळवली आणि म्हणाल्या, “शशी, ऊटा आतेनो?”

जेवलास का रे?

आणि तुम्ही म्हणालात, “आतव्वा.”

झालं गं अव्वा. तोंडातून निघून गेलं तुमच्या. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ती तरुण डॉक्टरीण, विद्याश्री नाव तिचं, बेळगावकडची, तिनं खाली बघितलं. मग तुम्ही उठलात आणि गेलात. तुमच्या मागं ह्यांना जायचं होतं, पण मी दारात उभी होते.

तुम्हाला वाटत असेल मला गंमत वाटली. मला बोलायची परवानगी नव्हती, तरी रात्रीपासून साहेबांना काय काय सांगायचं ते पाठ केलं होतं, ते सगळं फुकट गेलं. आणि तुम्ही जेवला नव्हतात हे मला माहीत होतं. तुम्ही पहाटेच्या गाडीनं येऊन तसेच बसला होतात. आईशीसुद्धा खोटंच बोललात.

पुढं ऐका. विद्याश्री डॉक्टर अव्वांच्या समोर उकिडव्या बसल्या आणि कन्नडात विचारायला लागल्या. उत्तरं मराठीत साहेबांना सांगत होत्या. आज वार कोणता? ‘बुधवार. सकाळपासून उपाशी ठेवलंय, वार कसा विसरेन?’ शंभरातून सात गेले तर किती राहिले? अव्वा म्हणाल्या, ‘कुणी नेले ते आधी सांग.’ साहेबसुद्धा हसले. मग म्हणाल्या, ‘त्र्याण्णव.’

पुण्याकडच्या आश्रमात जाणार का? ‘बेड.’ विद्याश्री डॉक्टरांनी साहेबांना सांगितलं, “सर, बेड म्हणजे नको.” साहेबांनी जुना कागद उचलला, ती ओळ पुन्हा वाचली आणि त्या परभणीच्या डॉक्टरांकडं बघत राहिले. ते बिचारे म्हणाले, “मला कुणी सांगितलं नाही सर.” खरंच होतं. सांगणारे दोघं होते, दोघांनी सांगितलं नाही.

मी पिशवी उचलली. झालं म्हटलं.

विद्याश्री डॉक्टरांनी विचारलं, मग थोरल्या मुलाच्या घरी राहायचं ना, आत्ता राहता तिथं?

“बेड.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी पुढं होऊन म्हटलं, “अव्वा, नीट ऐका, आपलं घर म्हणतायत त्या.” डॉक्टरीणबाई मान न वळवता म्हणाल्या, “काकू, तुम्ही बोलू नका.” आणि अव्वांना विचारलं, का नको?

अव्वा थांबत थांबत बोलल्या. त्या बाईनं मराठी केलं, पण मला मराठीची गरज नव्हती. अव्वा म्हणाल्या, ‘हिचं काही वाईट नाही. हिच्यासारखी कुणी करणार नाही. पण मला भूक लागायच्या आधी ही वाढते. मला झोप यायच्या आधी निजवते. कुणी मला काही विचारलं तर मी तोंड उघडेपर्यंत ही सांगून मोकळी होते. माझ्या तोंडात हिची जीभ आहे. मी गंगव्वाकडं जाईन. ती बहिरी आहे. मला ओरडावं लागतं. ओरडलं की मला बरं वाटतं.’

साहेबांनी लिहिलं, ‘समज शाबूत. राहण्याबाबत स्वतः निर्णय घेऊ शकतात.’ विद्याश्री डॉक्टरांनी कडेला हातानं लिहिलं, तपासणी कन्नडमधून. रकाना नव्हताच.

घरी आल्यावर मी ताट वाढलं नाही, दारात उभी राहिले. त्या म्हणाल्या, ‘हसिवाग्येद.’ भूक लागलीय. मग वाढलं.

भाऊजी, तुमच्यावरचा राग निदान धड होता. हा राग कुठं ठेवू ते मला कळत नाही.

दसरा झाला की अव्वांना संकेश्वरला पोचवायचं आहे. तळेगावची जागा सोडल्याचं कळवून टाका.

— महानंदा


१८ जानेवारी २००४

शशिधर भाऊजी,

संक्रांतीचं तुमचं पत्र आलं. ‘वहिनी, तुम्ही जिंकलात, आता तरी राग सोडा’ असं लिहिलंय. मी कुठं जिंकले? तुम्ही हरलात, एवढंच. आणि राग सोडायला तो काही दोरीवर वाळत घातलेला नाही.

अव्वांना संकेश्वरला ठेवून आले त्याला आता तीन महिने झाले. कोल्हापुरात सरकारी दवाखान्यातून त्यांच्या गोळ्या मिळत होत्या. संकेश्वरच्या दवाखान्यात कार्ड दाखवलं तर तिथला माणूस म्हणाला, ‘इदु महाराष्ट्रद्दु.’ हे महाराष्ट्राचं आहे. राज्याची हद्द ओलांडली की तोच रक्तदाब आणि तेच म्हातारपण वेगळ्या सरकारचं होतं. इथल्या एसटीत त्यांना अर्धं तिकीट, तिथल्या गाडीत पूर्ण. समज शाबूत असल्याचा कागद दाखवला, तर तो मराठीत आहे म्हणून वाचत नाहीत! म्हणजे कोल्हापुरात कन्नड म्हणून समज नाही, आणि तिथं मराठी म्हणून कागद नाही. शहाण्या माणसांनी केलेले नियम आहेत सगळे. मी दोन्हीकडं अर्ज दिलेत. तोवर गोळ्या इथून मी नेते.

पहिला महिना गेलेच नाही. ओळखीच्या माणसाबरोबर गोळ्या पाठवल्या. कशाला जायचं होतं? वीस वर्षं या घरात राबले, दीड वर्ष त्यांचं शरीर माझ्या हातांनी धुतलं, आणि चार परक्या माणसांसमोर मला नको म्हणाल्या. देवासमोर बसले की विभूती हातातच राहायची. माझी स्वतःची पूजा मला एका हाताची वाटायची.

मग गेले. गंगव्वा मावशींच्या दारात उभी राहून विचारलं, अव्वा, आत येऊ? त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, भाऊजी. विचार केला! मग म्हणाल्या, ‘बा.’ ये.

जेवायला बसलो. डाव्या हातानं जेवतात आता, कुणी भरवत नाही. निम्मा भात लुगड्यावर सांडतो. नेसवलेलंही वेडंवाकडं. पूजा दोघी बहिणी मिळून करतात, आणि गंगव्वा मावशी बेलपान उलटंच ठेवतात. अव्वा चापट मारत नाहीत, शिव्या घालतात, मावशींना त्या ऐकू येत नाहीत. आठवड्यापूर्वी न्हाणीत पडल्या होत्या, कपाळावर टाका आहे. मी असते तर पडल्या नसत्या. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणाले. अव्वा म्हणाल्या, ‘हौद.’ हो, खरं आहे. आणि पुढचा घास घेतला.

भात सांडत होता आणि माझा हात आपोआप पुढं जात होता. तो मी मांडीखाली दाबून बसले. यापेक्षा मला अव्वांना उचलणं सोपं होतं.

हे अजून संकेश्वरला गेलेले नाहीत. रोज गाडीची वेळ विचारतात आणि दुकान उघडतात. आईनं आत ये म्हटलं नाही तर काय, याची भीती आहे त्यांना. असू दे. घरी जेवायला लागलेत, एवढं कळवते.

सुष्मिताला सांगा, साडी नेसले. संकेश्वरला जाताना.

तुम्ही विचारलंय, अव्वांना भेटायला कधी येऊ, त्या काय म्हणतील, आणि मी आधी त्यांच्याशी बोलून ठेवीन का. मी बोलून ठेवणार नाही. अव्वांच्या वतीनं कुणाला काही सांगायचं मी सोडलंय. गंगव्वा मावशींच्या शेजारी किराणा दुकानात फोन आहे, नंबर मागच्या पानावर लिहिलाय. दुपारी चारनंतर करा. ते अव्वांना खुर्चीसकट फोनपाशी आणतात, त्याला वेळ लागतो, तेवढे पैसे पडू द्या. त्या मध्येच गप्प बसल्या तर ठेवू नका, शब्द शोधत असतात.

येऊ का, म्हणून त्यांनाच विचारा. कन्नडात विचारा.

— महानंदा